निघताना म्हणायचा शब्द

अल्बर्टा, कॅनडा
२ ऑक्टोबर २०२५

ती. मार्तंडदादांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलू नका, असे प्रचारप्रमुख म्हणतात, म्हणून ईमेलने लिहितो. गोदामात खोकी उचलणारा माझ्यासारखा परका माणूस इथला नगरसेवक झाला. आता महापौरपदाला उभा आहे, मतदान वीस तारखेला आहे, आणि नेमकी विरोधकांना तिसगावच्या माझ्या सत्काराची चित्रफीत सापडली. स्टँडवर गाडीत बसताना मी आईला ‘येतो’ म्हणालो. त्याखाली त्यांनी इंग्रजीत ‘मी परत येणार’ असे छापले. हा तर बॅग भरून बसलाय, असे दारोदार सांगतात.

निघताना आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, एवढे मोठे भाऊ म्हणून लिहून सही करा. इथल्या वर्तमानपत्रात छापू. वहिनींना सांगा, त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीवर माझे निम्मे कार्यकर्ते टिकून आहेत.

लोभ मतदानापर्यंत तरी कमी करू नये.
सुहास

तिसगाव, ता. पाथर्डी
४ ऑक्टोबर २०२५

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

अंबिका चटणी पाठवते आहे. निवडून आलास तर अर्धे श्रेय तिचे, असे ती म्हणते. थट्टा येथे संपली.

ही रीत आहे, हे मी कोठेही लिहून देईन. पण चित्रफीत जेथे तुटते, तेथे तुझे वाक्य संपले नव्हते. आईचा हात धरून तू पुढे म्हणालास, की नगरसेवकपदाची ही मुदत संपली की कायमचा येतो. ‘येतो’ ही रीत. ‘कायमचा’ ही रीत नव्हे. आई तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगते. अर्ध्या वाक्याखाली मी सही कशी करू? ते तू मनापासून म्हणालास का, एवढे आधी कळव.

प्रकृतीस जप.
मार्तंड

अल्बर्टा
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

त्या क्षणी मनापासूनच म्हणालो. पण निवडून आलो तर पुढची चार वर्षे इथेच, आणि लेक भार्गवीही आता इथलीच झाली. खरे सांगायचे, तर कायमचे येणे होईल असे वाटत नाही. आईला हे कसे सांगावे, कळत नाही. सही करणार नसाल, तर तसे लिहा. रागावू मात्र नका.

सुहास

तिसगाव
७ ऑक्टोबर २०२५

चि. सुहास यास आशीर्वाद.

तुझे पत्र आईपासून लपवणार होतो. तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले आणि वाचायलाच लावले. ऐकून बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, की मार्तंडा, तू सही करू नकोस, तू सगळे ऐकले आहेस. माझे कान गेलेत. मला ‘येतो’ एवढेच ऐकू आले, असे लिही, सही मी करते.

निवेदन सोबत जोडले आहे. मजकूर माझा, सही तिची. तिच्या कानांना काहीही झालेले नाही, हे तू जाणतोस. छापायचे की नाही, ते तू ठरव.

तुझ्यासाठी रंगवून घेतलेली वरची खोली तिने आज सकाळी बँकेत बदलून आलेल्या साहेबांना भाड्याने दिली. करार अकरा महिन्यांचा असतो, असे मी सांगितले. ती म्हणाली, चार वर्षांचा होतो का ते बघ.

तिचे आशीर्वाद वेगळे लिहायला तिने बजावले आहे, ते लिहिले.
मार्तंड