दुसरीचं गणित

३ जून, सोमवार
डोक्याचा पार भुगा झालाय! एकाच शेपटाची औषधांची ढीगभर नावं — कुठलं रक्तदाबाचं, कुठलं उलटीचं, देव जाणे. आई म्हणाली, "पाठ करतेयस की कुणाला शिव्या देतेयस?"

५ जून, बुधवार
नर्सिंगच्या ट्यूटर मॅडमनी दुहेरी तपासणी शिकवली. औषध जोखमीचं असलं की दोन नर्सेसनी डोसचं गणित करायचं, पण पाठीला पाठ लावून. उत्तर आलं की मगच वळायचं. "पहिलीचं उत्तर कानावर पडलं, की दुसरी तपासत नाही. नुसती मान डोलावते."
मग चाचणी. मला भोपळा! मिलिग्रॅमचे मिली करताना मी गुणायचं तिथे भागते, भागायचं तिथे गुणते. पुढच्या चाचणीतही हेच झालं तर वॉर्ड बंद, बसा घरी.

६ जून, गुरुवार
गुणायचं की भागायचं?

७ जून, शुक्रवार
आज मुलांच्या वॉर्डात, इन्चार्ज सिस्टरांबरोबर. एका चिमुरडीला स्कॅनआधी झोपेचं सिरप द्यायचं होतं. मी पाठ फिरवून गणित मांडतेय, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "दहा मिली. झालं ना गं तुझं?"
माझं पाच आलं होतं. बाटलीवरचा आकडा परत वाचला. परत पाचच! सिस्टर हे औषध माझ्या जन्माआधीपासून देतायत, आणि मी भोपळेवाली! पाचवर काट मारली, "झालं" म्हटलं, सही केली. मुलीची आई म्हणाली, "कडू नाही ना हो, ताई?" नाही म्हटलं. माझी ड्यूटी तिथेच संपली.
घरी येऊन पुन्हा करून पाहिलं. उलटं केलं, सुलटं केलं — पाचच. माझं नेमकं कुठे चुकतंय तेच कळत नाही. विचारायचीही लाज वाटते.

८ जून, शनिवार
मुलगी शुद्धीवर आली. काल मी गेल्यावर तिचा श्वास मंदावला होता, मशीन लावावं लागलं. सकाळी आईला ओळखलं, पाणी मागितलं. सिरपची बाटली नव्या साठ्यातली निघाली, दुप्पट स्ट्राँग. दहा मिली जुन्या बाटलीचे.
सिस्टरांनी स्वतःच वर कळवलंय. डोळे सुजलेले. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुलाही दहाच आलं होतं ना गं?"
"पाच," मी म्हटलं.