तहान खरी होती

खारेपाट, पेण
१९९८

प्रिय आये,

आज सकाळी मी आजीच्या पाण्याच्या पिंपाचं कुलूप कोयत्याने फोडलं. तेव्हापासून आजी माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

तुझी धाकटी, सुमन, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तू गेलीस तेव्हा ती अंगावर पीत होती. पुढे रोह्याला मामाकडे वाढली. दारात नदी, मग दिवसाला किती तांबे पाणी रिचवते हे कोण मोजणार? तुझंही तसंच झालं ना? रोह्यात मामा तुला नुसता 'पाणकोंबडी' म्हणून चिडवायचा. लग्न होऊन तू या मिठागराच्या गावात आलीस, इथे गोडं पाणी होडीतून यायचं, आणि त्याच तहानेला सगळे बाधा म्हणायला लागले.

आता टँकर येतो, बाकी काही बदललेलं नाही. काल आजी म्हणाली, "हिलाबी आयशीचीच बाधा हाय गो. तीन दीस पाणी तोडा, उतरंल." तुझ्या वेळचं भगताचं बोलणं तिने अजून जपून ठेवलंय. ती दुष्ट नाही. तुझं पाणी तोडायला उशीर झाला म्हणून तू गेलीस, असं तिला खरंच वाटतं.

मी म्हटलं, "आजी, पाणी तोडलं म्हणूनच ती गेली." तिने पिंपाला कुलूप घातलं. म्हणून कोयता.

मी मुंबईत काय करते, सांगू? उंदराच्या मेंदूत केसाहून बारीक काचेची नळी एका पेशीपाशी नेऊन ठेवते. एकाच पेशीपाशी. उंदराच्या रक्तात मीठ वाढलं की तिची टकटक स्पीकरवर ऐकू येते. एखादी पेशी लगेच उठते, दुसरी कधी ऐकावी तर थांबत थांबत, दम खात. मीठ जास्त तशी घाई जास्त. मग त्यांचं संप्रेरक रक्तातून मूत्रपिंडाला निरोप देतं, पाणी सोडू नकोस. तुझ्या शरीरात तो निरोप पोचतच नव्हता. प्यालेलं सगळं निघून जायचं. तहान तेवढी शाबूत होती, आणि तीच तुला जगवत होती.

आमचे सर म्हणतात, शास्त्रात घरचं दुखणं आणू नये. का आणू नये? मी दुसऱ्या कशासाठी शिकले?

तुझ्यावरही राग आहे माझा. रोह्याची पोर तू, आरडाओरडा का नाही केलास? तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणालीस, "बाय, एक घोट दे गो." पिंपाची किल्ली माझ्या गळ्यात होती. आजीने विश्वासाने बांधली होती. मी दहा वर्षांची, सांगितलेलं ऐकणारी मुलगी. मी दिली नाही.

सुमनला आज पेणला डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात ती कळशी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "ताय, मी येडी नाय ना?" मी म्हटलं, "नाय गो, तू पी." डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या. दुखणं तुझंच निघालं; त्यावर नाकात घालायचं औषध आहे, मुंबईहून मागवायचं. तोवर मागेल तेवढं पाणी. कागदावर लिहून दिलंय त्यांनी, तो मी आजीसमोर मोठ्याने वाचला.

वचन देते, सुमनच्या बाळाला या घरात कोणी तांबे मोजून पाणी देणार नाही. आणि तू बाधेने गेलीस असं गावात कोणी म्हणालं, तर त्याला भर ओटीवर सांगेन की ती तहानेने गेली, आम्ही तिला पाणी दिलं नाही. उद्या पहिल्यांदा हे सुमनला सांगणार आहे. 'आम्ही' म्हणताना आजीच्या मागे लपणार नाही.

तुझीच,
बाय