पुढच्याने सांगायचं

बीरशेबा, इस्रायल
१३ नोव्हेंबर १९९४

प्रिय गुणाजी,

नमस्कार. शकूवहिनींना आणि तुझ्या दाजींना नमस्कार सांग. तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला.

एक विनंती आहे. हे पत्र तू स्वतः वाच. शकूवहिनी माझी पत्रं तुझ्या कानाशी ओरडून वाचतात आणि शेजारच्या इंदुबाईंना सगळं फुकटात कळतं, असं तू लिहिलं होतंस. या वेळी इंदुबाईंना राहू दे.

आम्ही बरे आहोत. तुझी लीयावहिनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. आई इथल्या कोरड्या हवेला नावं ठेवते आणि कडव्या वालांची आठवण काढते. मला रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. माझ्या कारखान्यात मोझेस आहे, पेणचा. तो म्हणाला, "चालतोस काय म्हाताऱ्यासारखा? सायकल चालव. आमच्यात ये."

तू कानाच्या मशीनबद्दल लिहिलंस, त्याचं पुढे लिहितो.

मोझेसची बारा जणांची टोळी आहे. सकाळी सहाला पाण्याच्या टाकीपाशी जमायचं आणि वाळवंटातल्या रस्त्याने चाळीस किलोमीटर जाऊन यायचं. सगळे एकामागे एक, चाकाला चाक लागेल इतके जवळ. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना हलकं जातं. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होऊन मागे येतो आणि दुसरा पुढे जातो. मागच्याला रस्ता दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून नियम एकच आहे. पुढच्याने सांगायचं.

हे सगळं शनवारी असतं. हो, शनवारी. इथे त्या दिवशी रस्ते रिकामे असतात. हसायचं तर हस. आमच्या शब्बाथच्या, विसाव्याच्या दिवशी मी सायकल बाहेर काढली की आई भिंतीकडे तोंड करून बसते. ज्याने सहा वर्षं शनवारी कंपनीत पाऊल टाकलं नाही, तो आता शनवारी टोपी घालून घाम गाळतो.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी तिसरा होतो. रस्त्यात काही दिसलं की मी ओरडत होतो. खड्डा! दगड! काच! तेही मराठीत. मोझेसला हसू आवरेना. "अरे, ओरडतोस काय गुरं हाकल्यासारखा? हात खाली कर, बोट दाखव, बास." इथे बोटानेच दाखवतात. खड्डा ज्या बाजूला, त्या बाजूचा हात खाली जातो. मागचा बघतो आणि तोही हात खाली करतो. शेवटच्यापर्यंत तसंच जातं. मला ते जमेना. हात खाली जायचा आणि तोंडही उघडायचं. आता त्या सगळ्यांना तो शब्द पाठ झाला आहे. मध्ये एकदा सगळे जण हसत हसत ओरडले, खड्डा! मला हसता आलं नाही.

आणखी एक. पुढे जायची पाळी आली की मी चेन उतरल्याचं सांगतो आणि मागे राहतो. मोझेसने दोनदा माझी चेन पाहिली. आता बघत नाही.

आता मशीनचं. मी दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुणासाठी? मित्रासाठी. ऐकू कधीपासून येत नाही? मी म्हटलं, सात डिसेंबर एकोणीसशे एकोणऐंशी, शुक्रवार. त्या म्हणाल्या, कान हळूहळू जातात, अशी तारीख कुणी सांगत नाही. मी मशीन न घेता परत आलो.

त्या आठवड्यात आपला अबोला होता. तुला आठवत असेल. माझ्या शनवारच्या शिफ्ट तू भरायचास आणि तुझ्या गणपती, शिमगा, भातलावणीच्या मी भरायचो. त्या शनवारी तुझी भाताची झोडणी होती. मंगळवारी कँटीनमध्ये तू म्हणालास, "या शनवारी तुझा तू जा. याचा देव आठवड्याला सुट्टी घेतो नि कंबर माझी मोडते." सगळे हसले. काळुराम तर बाकावरून पडायचा बाकी होता. तू थट्टाच केलीस. बुधवारी सकाळी वाटेत तू म्हणालासही, "काय रे आयज्या, तोंड शिवलंस काय? शनवारी जातो मी, मग तर झालं?" मी उत्तर दिलं नाही.

तरी आपण बरोबरच जात होतो. खांबपासून कोलाड, तिथून धाटावला कंपनीत. सायकलला दिवा माझ्या होता, तुझ्या नव्हता. पहिल्या शिफ्टला निघताना अंधार असायचा. तुला माझ्या मागे यावंच लागायचं. मी पुढून ओरडायचो, तू त्याप्रमाणे हँडल वळवायचास. कितीतरी वर्षं तसं चाललं होतं.

त्या शुक्रवारी ओढ्यावरच्या मोरीजवळ तू पडलास, गुडघा फुटला. कंपनीच्या चौकशीत मी सांगितलं की मी आवाज दिला होता. साहेबांनी तुला विचारलं. तू म्हणालास, "त्यानं दिला असंल. मला ऐकू आला नाय." डॉक्टरांनी शेरा लिहिला, ऐकू कमी येतं. ब्लोअरच्या गोंगाटात सात वर्षं काम केलेल्या माणसाच्या कानांबद्दल कुणालाच शंका आली नाही. गुडघ्यामुळे तुझी शिफ्ट गेली, ते मला माहीत होतं. पण गेटवर बसून करायची नोकरी तुला मिळणार होती, ती त्या शेऱ्यामुळे गेली. गेटवरच्या माणसाला ऐकू यावं लागतं. हे दाजींनी मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, वाईट झालं.

मी इकडे यायला निघालो त्या दिवशी तू काठी टेकत हायवेपर्यंत आलास. आई, दाजी, मी, सगळे सामान मोजत होतो. तू म्हणालास, "आली गाडी." रस्ता रिकामा होता. मग वळणामागून एसटी आली. आमच्यातल्या कुणालाच ती ऐकू आली नव्हती. शकूवहिनी तुझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "गाडी आली हो!" तू मान हलवलीस. मी गाडीत चढलो.

हे पत्र आजच का लिहितो आहे, ते सांगतो. आमच्या टोळीत एक बेकरीवाला आहे आणि त्याचा मेहुणा. दोघांचं दुकानावरून फाटलं आहे. वर्ष झालं, एक शब्द बोलत नाहीत. टाकीपाशी एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. काल बेकरीवाला पुढे होता, त्याच्या मागे मेहुणा, मग मी. उतार होता, वेग बराच होता. बेकरीवाल्याचा उजवा हात खाली गेला. त्याने मागे पाहिलं नाही. मागे कोण आहे ते त्याला माहीत होतं. मेहुण्याने हँडल वळवलं, त्याचाही हात खाली गेला. खड्डा आमच्या उजवीकडून गेला. दोघं तसेच, न बोलता, पुढे गेले.

मी थांबलो. रस्त्याच्या कडेला बसलो. मोझेस परत आला. म्हणाला, "साखर उतरली काय?" मी हो म्हटलं.

गुणाजी, मी आवाज दिला नव्हता.

खड्डा मला दिव्यात दिसला. मी हँडल वळवलं. तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर आधी मी बोललो असं झालं असतं. एवढंच कारण होतं. तू पडशील असं मनात आलं नाही. काहीच आलं नाही. मग मागून आवाज आला. तुला उचललं तेव्हा तू म्हणालास, "मला ऐकूच आलं नाय रे." तेव्हाच सांगायचं होतं. तुझ्या तोंडून ते वाक्य आलं आणि मी त्याच्या आड राहिलो. पंधरा वर्षं.

सोबत एक कागद आहे, सही केलेला. त्यात हेच लिहिलं आहे, कंपनीच्या नावाने. आता त्याचा उपयोग नाही. तरी ठेव, किंवा दाजींना दाखव. तू काय करशील ते मी विचारत नाही. उत्तर आलं नाही तर समजेन. पुढच्या शनवारी मी पुढे जाणार आहे, असं मोझेसला सांगितलं आहे.

मशीन पाठवत नाही. एवढं कर. हे पत्र शकूवहिनींना दे. त्यांना चुलीपाशी बसू दे, तू पडवीत बस. त्यांना म्हणावं, हळू वाचा, नेहमीच्या आवाजात.

तुला ऐकू येईल.

तुझ्या पुढे असायचा तो,
आयझॅक