जशाचा तसा फोटो

३ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

बस उलटल्यापासून दीड वर्ष तू घरातले आरसे भिंतीकडे फिरवून ठेवलेस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला कशात तरी गुंतवा, म्हणून मी माझा जुना कॅमेरा तुझ्या गळ्यात मारला. तर तू थेट प्रदर्शनच भरवायला निघालीस! मी वीस वर्षं स्टुडिओत लोकांना मान वर करायला सांगतेय, मला कुणी विचारलं नाही. जळते गं मी, सांगून टाकते. तू स्वतःचा काढलेला फोटो मोठा करून सोबत पाठवलाय. गोळ्या वेळेवर घे, आणि मोठी झालीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

फोटो मिळाला. पण ताई, कानापासून हनुवटीपर्यंतचा व्रण कुठे गेला? चाळीस वेळा काढला तेव्हा एका फोटोत मी स्वतःकडे धड बघू शकले होते. ओळखपत्राच्या फोटोंवरचे डाग पुसायची तुला सवय आहे, त्या भरात झालं असेल. प्रदर्शन शनिवारी आहे. जशाचा तसा पाठव. लोभ आहेच.

चिमणी

१२ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

सवय नव्हे गं. तो फोटो बघून माझ्या पोटात दुखलं. असा मला एकही साधला नाही. व्रण पुसला की तो माझ्या गिऱ्हाइकांच्या फोटोंसारखाच दिसेल, मला तेवढंच हवं होतं. जशाचा तसा सोबत आहे. तोंड दाखवायला जागा राहिली नाही, तरी शनिवारी येते. हाकलू नकोस.

ताई

२० मार्च

ती. ताईस शि. सा. न.

शनिवारी तू माझ्या फोटोसमोर पर्स छातीशी धरून पाव तास उभी होतीस. मी कोपऱ्यातून तुझा फोटो काढला, तो सोबत पाठवलाय. जगाचे काढलेस, पण तुझा एकही फोटो घरात नाही. कपाळाला आठी, ओठ घट्ट, जळफळाट अगदी स्पष्ट आलाय. डोळ्यांत पाणीही आहे. तुझ्या पद्धतीने पुसून देऊ का?

चिमणी

२४ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

काही पुसू नकोस. स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलाय. काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, यात तुम्ही एवढ्या रागाने कुणाकडे बघताय. म्हटलं, माझ्या बहिणीकडे, फोटो तिनेच काढलाय.

तुझी, अजून थोडी जळणारी,
ताई