सात मिनिटांचा प्रवेश

वडसा, १४ जानेवारी २००८

प्रिय रोशनी,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. कंपनीने यंदा मिशी चिकटवायचा गोंद बदलला आहे. डावी बाजू पहिल्याच प्रवेशात सुटते, उजवी गरम पाण्यानेही सुटत नाही. बावीस वर्षं झाडीपट्टीच्या रंगभूमीची सेवा केल्याचं हे फळ. सोमाजीभाऊ मालक, त्यांना स्वतःची मिशी आहे. त्यांना काय कळणार!

बाकी सगळं ठीक. तुझ्या जागेवर चिमूरचा ऑर्गनवाला आला आहे. तो अख्ख्या नाटकाला एकच सूर लावतो, त्यामुळे लग्न कोणतं आणि मयत कोणतं हे प्रेक्षकांना कपड्यांवरून ओळखावं लागतं.

तू नागपूरहून लॅपटॉप आणलास तेव्हा पडद्यावर नुसते ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. मी म्हटलं, हा बाजा आहे का वीज मंडळाचा नकाशा? तू म्हणालीस, “भाऊ, एका ठोकळ्यातून सूर निघते, दुसऱ्यात घुमते, तिसऱ्यात बारीक होते. तारा बदलल्या का बाजा बदलला.” पण दर प्रवेशाला तारा बदलायच्या आणि तुझे दोन्ही हात पट्ट्यांवर. पहिल्या तालमीत तू एक तार हाताने काढलीस, तर स्पीकरमधून असा फटाका निघाला की सोमारीबाई रडण्याच्या प्रवेशात खरोखरच रडल्या. मग तू सगळे बदल आपोआप व्हावेत अशी सोय केलीस. एकतीस जोडण्या, ओळीने लावलेल्या. गाण्यापाशी यंत्र थांबायचं, कारण वन्समोअर एक येईल का पाच हे कोणालाच माहीत नसतं. तू पायाने कळ दाबलीस की पुढे. दोनच प्रवेश घड्याळावर ठेवलेस, माझा विनोदी आणि त्यामागचा मयताचा. त्यांत गाणं नाही, तेवढ्यात तुला दोन घास खाता यायचे. तू विचारलंस, “श्रावणभाऊ, तुमचे किती मिनिटं धरू?” मी रुबाबात सांगितलं, “सात. मयताचे नऊ. लाव घड्याळ.”

कोरपन्याला मंडप भरलेला होता. सातव्या मिनिटाला लोक पोट धरून हसत होते. अशा वेळी कोण स्टेज सोडतो? यंत्राने मात्र शब्द पाळला आणि मयताचा सूर सुरू केला. लोकांना वाटलं तोही विनोदच; ते आणखी हसले, मी आणखी चढलो. मागे चहाच्या टपरीवर तुला तो सूर ऐकू आला, सगळं वेळेवर चाललंय समजून तू निवांत दुसरा चहा मागितलास. मी सोळा मिनिटांनी आत गेलो. सोमारीबाई नवऱ्याच्या प्रेतावर कोसळल्या आणि नेमक्या त्याच क्षणी यंत्रातली मयताची नऊ मिनिटं संपून पुढच्या प्रवेशातला लग्नाचा बँड वाजला. लोक हसले ते हसले, प्रेतही हसलं. झिंगूला आधीच गुदगुल्या फार. त्यानंतर नाटक काही सावरलं नाही.

आत सोमाजीभाऊ गरजले, “या डबड्यानं नाटक बुडवलं! काऊन श्रावण, खोटं बोलून राह्यलो का?” मी तोंडाचा रंग पुसत होतो. म्हणालो, “हौ भाऊ, मशीनले काय समजते.” तू माझ्याकडे पाहिलंस. बोलली असतीस तर मला बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. तू नुसत्या वायरी गुंडाळल्यास, आणि सकाळच्या गाडीने गेलीस.

पत्राचं कारण असं. काल तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं, की वेळ मी दिली होती सातची आणि घेतली सोळाची. रोशनीची जोडणी एका सेकंदाने चुकली नव्हती. झिंगू म्हणाला, “मले माहीतच होतं, पण मी मढं होतो, बोलू कसा?” सोमाजीभाऊ हसले नाहीत. म्हणाले, “तवा काऊन नाई बोलला?” शेवटी म्हणाले, “बलाव तिले, येत असन तं.” यायचं का नाही ते तू ठरव, मी आग्रह करायच्या लायकीचा नाही. आज छापखान्यात जाऊन नव्या पत्रकावर ‘संगीत : रोशनी मेश्राम’ हे टाकायला सांगून आलो. छापखानेवाला म्हणाला, जागा नाही, काहीतरी काढावं लागेल. माझ्या नावावर ‘विनोदाचा बादशहा’ असं मोठ्या अक्षरात होतं, ते काढायला सांगितलं. तेवढ्यात तुझं नाव बसलं.

तुझाच,
श्रावणभाऊ