फोडलेलं पाकीट

बाबा, माझं पाकीट फुटलं. यापेक्षा बरी सुरुवात सुचत नाही. इथे सौदीत, अल-खोबरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी सगळ्यांची पिसं काढते. माणसं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायला बिचकतात. आणि आज मीच ओट्याला टेकून एका कागदाची धास्ती घेतली आहे.

यांच्या नोकरीचं पुढच्या वर्षी काही खरं नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की खलास. लेक कॅनडात आहे, तिच्याजवळ जायचं आणि तिथे मी पॅरालीगलचा कोर्स करायचा, हे यांनीच ठरवलं. पॅरालीगल म्हणजे वकिलासाठी कागदपत्रं तयार करायची. खपायचं आपण, कोट त्याच्या अंगावर. त्या कॉलेजात क्रेडिट ट्रान्सफरची सोय आहे, म्हणजे पूर्वी पास झालेले विषय ते धरतात, पुन्हा शिकायला लावत नाहीत. माझी लॉची दोन वर्षं पास. हे एवढे हरखले की माझे विषय एक्सेलमध्ये मांडत बसले. "तुझं शिक्षण माझ्यामुळे राहिलं, आता भरून काढू," म्हणाले. हे वाक्य वीस वर्षं घोकवून घोकवून मीच त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय, बाबा. भांडणात दुसरं हत्यार सापडलं नाही की मी हेच उपसते. ते लगेच चहा करून आणतात.

कॉलेजची अट अशी की विद्यापीठानं सगळ्या वर्षांचं गुणपत्रक सीलबंद पाकिटात द्यायचं आणि ते आपण न फोडता पाठवायचं. न फोडता, म्हणून तर मी हो म्हटलं. पण आपल्या लोकांचा कुरिअरवर विश्वास नाही. सुट्टीवरून परतणाऱ्याच्या बॅगेत लोणच्यापासून जन्मदाखल्यापर्यंत सगळं येतं. भावानं तिकडे ते पाकीट सुट्टीवर आलेल्या, यांच्या मित्राच्या बायकोकडे दिलं. तिचा आज फोन आला.

"वहिनी, रागावू नका हं. चकल्यांचं तेल लागलं पाकिटाला. म्हटलं आतले कागद खराब नकोत, म्हणून फोडून फोल्डरमध्ये घातले. दोन्ही वर्षं फर्स्ट क्लास आहे की तुमचा!"

"आणि पुढे?"

"अय्या, पुढचं मी कशाला वाचू?" म्हणजे वाचलं.

हे शेजारीच उभे होते. "फुटलं तर फुटलं. दुसरं मागवू. निदान आपल्याला बघायला तरी मिळेल! यल्ला, आलोच." बूट घालून तिच्याकडून कागद आणायला निघालेसुद्धा. मी अडवलं नाही. काय सांगून अडवणार होते? ते रागावतील, याची भीती नाही. एवढी वर्षं उगाच अपराधी वाटून घेतलं, हे त्यांना आज कळेल. मग ते माझ्याकडे कसे बघतील, ते मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

तुम्ही कोर्टात बेलिफ, घरोघरी समन्स पोचवणारे. समन्स घ्यायचं नसलेला कुणी "घरी नव्हता म्हणून लिहा" म्हणत चहा पुढे करायचा, तर तुम्ही चहा तसाच ठेवून उठायचात. तिसऱ्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी तुम्ही कॉलेजच्या बोर्डावर माझा नंबर बघायला जाता. बोर्डावर पास झालेल्यांचेच नंबर असतात. परत येता तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे. तुम्ही पाटावर बसता, पाणी मागता, आणि हळूच म्हणता, "नापास झालं म्हणून कुणी मरत नाही." महिन्याभरात यांचं स्थळ आलं. यांच्या वडिलांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "शेवटचं वर्ष चालू आहे, पण तुमच्या व्हिसासाठी सोडेल ती." पाहुणे गेल्यावर मला म्हणालात, "आज खोटं बोललो. पुन्हा माझ्याच्यानं व्हायचं नाही." तुम्हाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण मी नापास झाले नव्हते, बाबा. त्या गुणपत्रकावर तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या पेपरांपुढे 'गैरहजर' असणार. परीक्षेला तुम्ही रोज सायकलवरून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायचात. पहिल्या दिवशी मी हॉलच्या दारापर्यंत गेले आणि पाय पुढे उचलेनात. लेडीज रूममध्ये तीन तास बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तर दारापर्यंतही गेले नाही. घंटा झाली की बाहेर यायचे. तुम्ही उन्हात उभे असायचात.

"कसा गेला?"

"बरा गेला."

लिफ्ट येऊन थांबल्याला बराच वेळ झाला. यांच्या खिशात किल्ली आहे, तरी दार उघडलेलं नाही. म्हणजे बाहेर उभं राहून वाचतायत. आता दार मीच उघडते. तुम्हाला लिहिलेला हा कागद ओट्यावरच राहील, यांना वाचायचा तर वाचू दे. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की पेपर बरा गेला नव्हता. पेपर मी बघितलाच नाही.