जवान 'अ'ची पत्रं

उंद्री, ता. चिखली
४ जानेवारी २०१८

प्रिय प्रज्वल,

तुझा प्रबंध परवा कुरिअरनं पोचला, आणि त्याच पाकिटात तुझ्या लग्नाची पत्रिका. दोन्ही एकदमच उरकलंस, हुशार तू पहिल्यापासूनच. मुलगी तुझ्या सरांची पुतणी म्हणे. छान झालं. आभाराच्या पानावर माझं नाव शोधलं, तर सापडलं: 'उंद्री येथील भगिनी डिंपल यांनी चहापाण्याची व्यवस्था पाहिली.' अरे वा! दोन वर्षं माझा हात हातात घेऊन बसायचास तेव्हा भगिनी होते होय रे मी? आधी हसू आलं, मग रडले, मग वावरात गेले. यंदा कपाशीत गुलाबी बोंडअळीनं एक बोंड धड ठेवलं नाही. बाबांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली.

तू पहिल्यांदा आलास तो आईच्या तेरवीला, तुझ्या काकांसोबत. उत्तरेकडची लष्करी कमांड आणि तिच्या भोवतालची सुरक्षा-परिस्थिती, हा तुझा विषय, आणि तुझं घोडं अडलं होतं. नकाशे होते, कुठून काय धोका त्याचे तक्ते होते. पण सर म्हणत होते, चौकीवरच्या माणसाचा आवाज कुठाय? आणि इथं आईच्या पेटीत माझ्या भावाची, इंद्रभानदादाची, त्रेसष्ट पत्रं निघाली. बर्फ, गस्त, समोरच्या डोंगरावरचा दिवा, सगळं होतं त्यात. तू उभ्या उभ्या पाच वाचलीस आणि तुझे डोळे भरून आले. मग दर महिन्याला यायला लागलास. लग्नाचं तूच काढलंस, मी नाही. दिवाळीनंतर घरी बोलतो म्हणालास. दोन दिवाळ्या गेल्या.

चौथं प्रकरण मी तीनदा वाचलं. 'जवान अ' लिहितो, 'आपण कपाशीभोवती दरसाल नॉन-बीटीच्या ओळी लावतो, अळीनं त्या खाव्या आणि मधलं पीक वाचावं म्हणून. आमची चौकी तशीच कडेची ओळ आहे.' या एका वाक्यावर तू चाळीस पानं लिहिलीस. बाहेरच्या परीक्षकांनी म्हणे त्याचीच तारीफ केली. बापा, एकदा बाबांना तरी विचारायचं होतंस! आमच्या गावात ते बी कधी कोणी लावलंच नाही. बियाण्याच्या थैलीसोबत ते छोटं पाकीट यायचं आणि सगळे ते बांधावर भिरकावून द्यायचे. शेतकऱ्याच्या पोरानं असलं वाक्य लिहिलंच नसतं. पण तू चिखलीच्या बाजारपेठेत वाढलेला, तुला काय माहीत.

दादाला भेटायचं म्हणालास तेव्हा मी म्हटलं, त्याचं नाव बाहेर आलं तर नोकरी जाईल. तू लगेच मान डोलावलीस. तुझा प्रवास वाचला. लिफाफे विचारलेस तर मी सांगितलं, आईनं चुलीत घातले. तेही तू वहीत टिपून घेतलंस. आता खरं ऐक. दादानं बर्फ कधी पाहिला नाही. सगळी नोकरी त्यानं मध्य प्रदेशात, लष्कराच्या एका गोदामात टायर मोजत काढली. तिकडेच लग्न केलं. घरी दोन पत्रं लिहिली आणि बंद झाला. आई गेली तेव्हाही आला नाही.

आई मात्र रोज दारात बसायची. काऊन नाई आलं व माह्या पोराचं पत्र, म्हणायची आणि ताट सरकवायची. तिला अक्षर वाचता यायचं नाही. पत्र आलं की बाजाराच्या दिवशी ओट्यावर बायका जमायच्या आणि मी मोठ्यानं वाचायची, ही आमच्या घरची रीत. कपाशीत नवीन बियाणं आलं होतं, आईच्या हातांशिवाय वेचणी उरकत नव्हती, आणि आई तर जेवत नव्हती. मग मी पंधरा वर्षांच्या पोरीनं पत्रं आणायला सुरुवात केली. बर्फ भूगोलाच्या पुस्तकातून घेतला, चौक्या किराण्याच्या पुड्यांच्या पेपरांतून, ती कडेची ओळ बांधावरच्या पाकिटावर छापलेल्या सूचनेतून. आई मेली तेव्हा त्रेसष्टावं उशाखाली होतं.

तुला हे पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण मग तू उंद्रीला कशाला आला असतास? मी लोभी होते, मान्य आहे. आज मात्र लोभ उरला नाही. दोन वर्षांत भेटी सोडल्या तर आपलं सगळं फोनवर चाललं, मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, मुद्दामच. तेव्हा पहिल्या ओळीपासून हे अक्षर तुला ओळखीचं वाटत असेल. 'ळ'ची ही शेपटी तू परिशिष्टात फोटो काढून छापली आहेस. तुझी तोंडी परीक्षा बुधवारी. आज सकाळी मी दुसरंही एक पत्र टाकलं, तुझ्या सरांना. त्यात काही नाही रे, नुसतं पुतणीच्या लग्नाचं अभिनंदन. सहा महिने त्यांनी ती त्रेसष्ट पत्रं भिंग लावून तपासली आहेत. वाचतील ते.

तुझीच,
जवान 'अ'